कोयंड्यांची सून होडीत बसत नाही

पांढऱ्या मातीच्या चिलमीची तुटकी नळी, बोटभर लांब. एका टोकाला दातांच्या खुणा.

मेरीलँडमधल्या एका जिल्हा कोर्टाची वही, सन १६८८: "मेरी नावाची ईस्ट इंडियाची बाई म्हणते, तिच्या चाकरीची मुदत संपली. मालक म्हणतो, मुदत नव्हतीच, ती कायमची आहे. पंचांनी बाईला मोकळं केलं."

सूचना फलक: बंधाऱ्यास भगदाड पडल्याने रहदारी बंद. नागरिकांनी पुढील आदेशापर्यंत तरीचा वापर करावा.

होड्या दर्यात लोटायच्या आदल्या दिवशी कोयंड्यांच्या घरी एक पान समुद्राकडे तोंड करून वाढतात. बाकीच्या पानांवर मासे असतात. या पानावर नसतात.

आरोग्य कार्डाच्या अर्जातली अठरावी चौकट: माझ्या नमुन्याचा उपयोग नातेशोधासाठी करण्यास हरकत नाही. चौकटीत बरोबरची खूण.

तेरा पिढ्या. सात तुकडे. पाच बाळंतपणं.

पान १. कोणासाठी

मेरीलँडहून नातेशोधाचा अहवाल वैजयंती महेंद्र कोयंडे हिच्या नावाने आला. वय त्रेचाळीस, माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षिका, राहणार कोयंड्यांचा जुवा. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. यावर अठरा घरं आहेत आणि आडनाव एकच. किनाऱ्याशी जोडणारा बंधारा जून २०४३ च्या वादळात मधोमध तुटला, तेव्हापासून वैजयंती शाळेत गेली नव्हती. ती पडवीत बसून पडद्यावर आठवीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होती.

तर दर तासाला यायची. तर म्हणजे सरकारी प्रवासी होडी. जुव्यावरचे पुरुष तिने जात. लेकी जात. सुना जात नसत.

कारण सगळ्यांना पाठ होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी पहिल्या कोयंड्याची होडी दर्यात बुडाली. त्याची बायको दुसरी होडी घेऊन त्याला शोधायला गेली, तीही बुडाली. मागे दोन वर्षांचा मुलगा राहिला. आजचे सगळे कोयंडे त्या मुलाचे. तेव्हापासून या घरची सून होडीत पाय ठेवत नाही. आणि तिच्या नावाच्या पानावर मासा वाढत नाहीत, कारण दर्यातल्या माशांनी तिला खाल्लं असं मानतात. बंधारा नव्हता तेव्हा नवऱ्या मुली ओहोटीला कंबरभर चिखलातून चालत यायच्या. मुहूर्त भटजी सांगायचे आणि ओहोटी तो बदलायची. आता वादळाने भगदाडाखालचा तळ खरवडला होता आणि तिथे ओहोटीलाही दोन पुरुष पाणी असायचं.

वैजयंतीचं माहेर पलीकडच्या तीरावर. तिची आई जुव्यावरची लेक. म्हणजे वैजयंतीने मामाच्या मुलाशी लग्न केलं आणि आईच्या माहेरी सून म्हणून आली. लग्नाआधी ती याच खाडीत होडी वल्हवायची. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती.

पान ३. सोप्या भाषेत

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका खाडीच्या काठावर जुनं दफनस्थान आहे. पाणी चढत असल्याने काठ ढासळतो आहे. अकरा थडगी हलवायची आहेत. सहाव्या थडग्यात एक बाई आहे, मृत्यूसमयी वय साठच्या आसपास. शेजारी चिलमीची नळी. काठावरच्या चर्चच्या वहीत तिचं नाव मेरी एवढंच आहे.

पुढचं वैजयंतीने आठवीच्या वर्गाला सांगितलं असतं तर असं सांगितलं असतं.

प्रत्येक माणसाकडे जनुकांचे, म्हणजे खेळायच्या पत्त्यांसारखे, दोन जोड असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. मूल होताना तो माणूस दोन्ही जोड थोडेफार पिसतो आणि त्यातून एकच जोड बनवून मुलाला देतो. म्हणजे निम्मं जातं, निम्मं राहून जातं. पत्ते सुटे सुटे जात नाहीत, सलग तुकड्यांनी जातात. तेरा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात आठ हजारांवर आणि आपल्या हातात तुकडे असतात काही शेकडे. त्यामुळे बहुतेक पूर्वजांचा आपल्यात एकही तुकडा नसतो. ते आपले पूर्वज असतात, पण आपल्या शरीरात त्यांचं काहीही नसतं.

गेल्या दहा वर्षांत दोन गोष्टी नव्या झाल्या. कानामागचं हाड शरीरात सगळ्यात घट्ट. त्यातले चुरा झालेले तुकडेही आता वाचता येतात. आणि जगातल्या दोनशे कोटी माणसांचे नमुने एकाच यंत्राला तुलनेसाठी खुले आहेत. यंत्राला लोक नातेशोधक म्हणतात. मृत माणसाचे तुकडे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त, त्याचं नाव ते सांगतं.

मेरीलँडने यावर कायदा केला. बेवारस थडग्यांचं काय करायचं ते सगळ्यात जवळच्या जिवंत नातेवाइकाने ठरवायचं. जवळचं कोण, ते यंत्राने ठरवायचं.

पान ५. तुलना

लॉरेन व्हिटकोंब, वय एकाहत्तर, मेरीलँड: एक तुकडा.
महेंद्र जयवंत कोयंडे, वय सेहेचाळीस: पाच तुकडे.
वैजयंती महेंद्र कोयंडे: सात तुकडे.

थेट पूर्वज असण्याची शक्यता शहाण्णव टक्के. पूर्वजाची बहीण असण्याची, चार.

तेरा पिढ्यांनंतर सात तुकडे उरत नाहीत. वैजयंतीने कागद घेतला आणि घरची वंशावळ काढायला बसली. आईकडून, वडिलांकडून, आजीकडून. चौथ्या पिढीतच रेघा एकमेकींना भेटायला लागल्या. मामाचा मुलगा, आत्याची मुलगी, परत मामाचा मुलगा. जुव्याच्या लेकी पलीकडच्या तीरावर जायच्या आणि त्यांच्या लेकी परत जुव्यावर यायच्या. आठ हजार जागांवर फार तर दोनशे माणसं बसली होती, पुन्हा पुन्हा तीच. बाहेर जाणारे तुकडे पुढच्या पिढीला घरी येत होते.

लॉरेनच्या बाजूला रेघा एकदाही भेटत नव्हत्या. तिचे पूर्वज आफ्रिकेतले, आयर्लंडमधले, शिवाय ही एक. तिथल्या माणसांनी परक्यांशी लग्नं केली होती.

कायदा करणाऱ्यांना मामाचा मुलगा ही गोष्ट माहीत नव्हती.

"माझ्यात पाच?" महेंद्रने पडद्यात डोकावून विचारलं. तो कालवांच्या शेतीवरून आला होता आणि त्याच्या हातांना चिखल होता.

"पाच. मी जास्ती जवळची."

"ह्या घरात तू कायमच जास्ती जवळची. मी जावय असल्यासारखो."

"हात धू आदी."

पान ८. संपर्क

बोलणं सकाळी सातला झालं. तिकडे रात्र होती. दोघींच्या मध्ये दुभाष्या यंत्र होतं आणि ते पुस्तकी मराठी बोलायचं. मालवणी त्याला कळत नसे, म्हणून वैजयंतीही वर्गात बोलते तसं बोलली.

लॉरेन तीनच शब्द बोलली. यंत्र म्हणालं, "नमस्कार वैजयंतीताई, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगते."

"बरी आहे. तुम्ही एवढं सगळं बोललात?"

लॉरेन हसली. यंत्राने हसण्याचं भाषांतर केलं नाही.

ती आधी शाळेची बस चालवायची. आता निवृत्त. दफनस्थानातलं गवत ती एकतीस वर्षं कापत आली होती, आधी नवऱ्याबरोबर, मग एकटी.

"माझ्यात तिचा एकच तुकडा निघाला," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलं, तो काय करतो? ते म्हणाले, काही नाही. नुसता आहे. मी म्हटलं, म्हणजे निवृत्त."

"माझ्यातले सात पण फार काही करत असतील असं नाही."

"तुम्हाला तिला तिकडे न्यायचं आहे का?"

"अजून ठरवलं नाही."

लॉरेनच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा आवाज येत होता.

"टेकडीवर जागा आहे," ती म्हणाली. "तिथे पाणी दोनशे वर्षं तरी येणार नाही. तिच्या चार मुलांना आम्ही तिथेच नेतो आहोत. तुम्ही हरकत घेतलीत किंवा काहीच केलं नाहीत, तर ती सरकारी गोदामात जाईल. पेटीवर आकडा घालून. आमचा एक तुकडा त्यांना पुरत नाही."

"चार मुलं?"

"चर्चच्या वहीत चार नावं आहेत. यंत्र म्हणतं पाच. दाताच्या मुळाशी झाडासारखी वलयं असतात, प्रत्येक बाळंतपणाला एक वलय बारीक होतं. पहिलं बारीक वलय विसाव्या वर्षाचं आहे. मग दहा वर्षं काही नाही. मग चार. आम्ही धरून चाललो की ते पहिलं मूल गेलं असणार. मी त्याच्यासाठी एक लहान दगड सांगून ठेवला आहे."

"तो रद्द करा."

"काय म्हणालात?"

"ते मूल गेलं नाही. इथे राहिलं. त्याची अठरा घरं आहेत."

या वेळी यंत्राला भाषांतर करायला काही मिळालं नाही. लॉरेनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पान ११. कुटुंबीयांशी चर्चा करावी

मामा, म्हणजे सासरे, जयवंत कोयंडे, वय अठ्ठ्याहत्तर. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून जाळं ओवत होते. जाळं कुणी वापरत नव्हतं. वैजयंती समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं.

"म्हंजे बुडाक नाय?"

"नाय. साठ वर्सांची होवन मेली."

"खंय?"

"अमेरिकेत."

"थंय पोरा झाली?"

"चार."

"मी हयल्या पोराचा इचारतंय."

वैजयंतीने जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं.

"मामा, तिका धरून नेला आसतला. त्या वक्तार परक्यांची जहाजा किनाऱ्यावरसून माणसा उचलून नेयत. थंय ती चाकर होती. कोर्टात भांडान सुटली."

"धरून नेला असा लिवला हा?"

"नाय. ता हाडांवरसून कळना नाय."

"मगे आपणहून गेली पण आसात."

"गेली पण आसात."

मामांनी दोन गाठी मारल्या.

"बुडली ती बरी होती गो. बुडलेली आई पोराक सांगूक येता. माझ्या आजयेन माका मांडयेर घेवन सांगल्यान. मी तुझ्या आवशीक सांगलंय. तुझी आवस लहान होती, रडली. आता काय सांगूचा? तुका टाकून गेली आणि थंय चार काढल्यान?"

"माका म्हायत नाय."

"सही केलंस की ह्या सगळा छापान येतला?"

"येतला. अहवाल उघडो होतलो. तो नियम आसा."

"आणि नाय केलंस तर?"

"तर पेटयेत घालून ठेयतले. नाव नाय, नुसतो आकडो."

मामांनी खाडीकडे बघितलं. बंधाऱ्याच्या तुटलेल्या टोकावर एक बगळा उभा होता.

"गणपतीक बंधारो होतलो," ते म्हणाले. "मगे चालत जा आणि काय ती सही कर. मी आडयतंय काय तुका?"

पान १३. अटी

सही नातेवाइकाने तहसील कचेरीत प्रत्यक्ष येऊन करावी. लाळेचा नमुना अधिकाऱ्यासमोर पुन्हा द्यावा. मुदत: सोमवार, १७ ऑगस्ट २०४३, कामकाजाची वेळ संपेपर्यंत. मुदतवाढ नाही.

गणपती सात सप्टेंबरला होते.

मामांना मुदत माहीत होती. वैजयंतीनेच सांगितली होती. त्यांना कुणाला काही बोलायचं नव्हतं, काही अडवायचं नव्हतं. तुटलेला बंधारा ते काम करत होता.

रविवारी महेंद्र म्हणाला, "तरीत बस आणि जा. मी बाबांका बघतंय."

"आणि मगे? पारूकाकी, सुमन, ती कालची आलेली दिव्या, सगळ्यांका तोंड कसा दाखवू? सतरा घरांतल्यो सुनो जूनपासून हयच आसत. मी मोठी, मी शिकलेली, म्हणान मीच पयली पाय ठेवलंय असा म्हणतले."

"म्हणूंदेत."

"तुका सोपा आसा. तू झील या घरचो."

"मगे नको जाव."

"पेटयेत घालतले तिका, महेंद्र."

त्याने भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, कालवांसाठी त्याला ते रोज लागायचं, आणि तिच्यासमोर ठेवलं. नंतर तो म्हणाला की आपण ते उद्याच्या कामासाठी काढलं होतं. उद्याच्या रकान्यात पूर्ण भरती सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी होती. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी खाडीचं पाणी पाऊण घटका थांबतं. वैजयंतीने कोष्टक वाचलं आणि परत ठेवलं.

पान १५. हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे

सोमवारी दहाची तर धक्क्याला लागली. तरीवर बस्त्याव डिसोजा. त्याने वैजयंतीला पिशवी घेऊन येताना पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"बाये, तू येतंस?"

"मी नाय. ही पिशवी येता. सुके कपडे आसत. पलीकडच्या धक्क्यार ठेव."

"आणि तू?"

ती बंधाऱ्यावरून चालायला लागली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. बंधारा तुटला होता तिथे ती बसली, चपला काढल्या, एकात एक घातल्या आणि दगडाखाली सरकवल्या. समोर साठ हात पाणी होतं. पलीकडे बंधाऱ्याचं दुसरं टोक.

जुव्यावरचे लोक धक्क्यावर आले. सुना मागे उभ्या होत्या, दारांमध्ये, माडांच्या आड. कुणीतरी मामांना सांगितलं. ते काठी टेकत बंधाऱ्यावर आले आणि तिच्या मागे दहा पावलांवर थांबले.

नियम होडीत पाय ठेवण्याचा होता. दुसरं काही त्यात नव्हतं. साडेतीनशे वर्षांत तसं कुणाला सुचलं नव्हतं, कारण खाडीत पोहून कचेरीत जाणारी सून कुणी पाहिली नव्हती.

पारूकाकी म्हणाली, "ह्या काय चाललाहा? कोण सांगा तरी तिका."

"काय सांगूचा?" बस्त्याव तरीतून म्हणाला. "माझ्या होडयेत ती बसाक नाय. मी साक्षीदार."

वैजयंतीने पाय पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. ती एकवीस वर्षं पोहली नव्हती. तिने मनगटावर नाडी मोजली. मिनिटाला एकशे बारा. मग ती उतरली.

"वैजू."

मामांचा आवाज होता. तिने मागे पाहिलं.

"मधी खालसून पाण्याची वड आसा. फुटलेल्या खांबाच्या डाव्या अंगान जा. उजव्याक जाव नको."

ती डाव्या बाजूने गेली. बस्त्यावने तर हळूहळू तिच्या बाजूने चालवली, हात लावता येईल एवढ्या अंतरावर, आणि हात लावला नाही. तरीतल्या नऊ प्रवाशांपैकी एकानेही घाई केली नाही. तिला चार मिनिटं लागली.

पान १६. स्वाक्षरी

कचेरीतला अधिकारी तरुण होता आणि गोंधळलेला. त्याने असा अर्ज पूर्वी पाहिला नव्हता.

"बाहेर पाऊस नाही, मॅडम," तो तिच्या केसांकडे बघून म्हणाला.

"पोहत आले."

त्याने ते लिहून घेतलं नाही. तशी चौकट नव्हती.

मृत व्यक्तीशी नातं: वंशज.
निर्णय: टेकडीवर, तिच्या चार मुलांशेजारी.
मृत व्यक्तीविषयी कुटुंबात प्रचलित माहिती, असल्यास:

इथे वैजयंती थांबली. पेनातून शाई येत होती, केसांतून पाणी. तिने लिहिलं: "आम्ही समजत होतो ती बुडाली." मग स्वल्पविराम देऊन आणखी काही लिहायला गेली आणि तो स्वल्पविराम खोडून पूर्णविराम केला.

त्याच दिवशी अहवाल उघडा झाला. तालुक्याच्या बातम्यांत तो दोन दिवस होता. लॉरेनने एक फोटो पाठवला: टेकडी, शेजारी शेजारी पाच खड्डे. खाली यंत्राने लिहिलं होतं, "आपल्या सौजन्याबद्दल मनःपूर्वक आभारी आहे." लॉरेनने मुळात काय लिहिलं होतं ते वैजयंतीने शोधून पाहिलं. तो एकच शब्द होता.

सोमवारी परत येतानाही ती पोहत आली. दिव्या धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी होती आणि तिने विचारलं की हे शिकायला किती दिवस लागतात.

बुधवारी होड्या लोटायच्या आदल्या दिवसाचं जेवण होतं. समुद्राकडे तोंड करून पान मामांनीच मांडलं. भात वाढला, डाळ वाढली, मीठ वाढलं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि तळलेल्या बांगड्याची एक तुकडी घेऊन आले. ती त्यांनी पानावर ठेवली. मामांनी त्यानंतर कधीही त्या बाईची गोष्ट सांगितली नाही, बुडाल्याची नाही आणि गेल्याचीही नाही.

पान १४. इतर निरीक्षणे

सहाव्या थडग्यातील बाईच्या दोन्ही कानांच्या नळीत हाडाचे लहान उंचवटे आढळले. थंड पाण्यात अनेक वर्षं पोहणाऱ्या व बुड्या मारणाऱ्या माणसांच्या कानात असे उंचवटे तयार होतात.